शेळ्यांमागचा कायोटी आणि त्याला बोलावणारं यंत्र : कोणतं घ्यावं?

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. टेक्सासात सॅन अँजेलोच्या बाजूला २२ एकर जमीन, तीवर ४० बोअर शेळ्या. दोन महिन्यांत सहा करडं गेली. शेजारचा रँचवाला म्हणाला, 'इलेक्ट्रॉनिक कॉलर घे, कायोटी आपल्या पायांनी चालत येईल.' कायोटी म्हणजे कोल्ह्यासारखा इथला जंगली प्राणी, आणि कॉलर म्हणजे प्राण्यांचे आवाज काढून त्याला बोलावणारं यंत्र. दुकानात पाहिलं तर शंभर डॉलरपासून सातशेपर्यंतची यंत्रं. एकात शंभर आवाज, दुसऱ्यात हजार, आणि जो तो आपलंच यंत्र सर्वांत मोठ्यानं ओरडतं म्हणून सांगतो. तयारी साडेतीनशेपर्यंत आहे. मग कोणतं?

मी इथे १७ वर्षं कायोटींच्या मागे आहे. आधी हौस म्हणून, पुढे स्वतःच्या आणि शेजाऱ्यांच्या शेळ्या राखायला. या काळात चार यंत्रं विकत घेतली, त्यांतली दोन चुकीची होती. तेवढ्या भांडवलावर लिहितो. आपल्या लोकांसाठी एक खुलासा : देवनागरीत 'कॉलर' लिहिलं की शर्टाची, कुत्र्याच्या गळ्यातली आणि ही, तिन्ही सारखीच दिसतात. म्हणून पुढे मी नुसतं 'यंत्र' म्हणेन.

यंत्राआधी मेलेल्या करडाकडे वळू. करडं कायोटीनंच नेली हे कशावरून? पुढचं करडू मेलेलं सापडलं की पुरू नका. रबरी हातमोजे घाला आणि मानेपासून जबड्यापर्यंत कातडी सोलून बघा. कायोटी गळा धरतो. श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंना दातांची भोकं दिसतील आणि कातडीखाली काळंनिळं रक्त साकळलेलं असेल. रक्त साकळलं याचा अर्थ चावा बसला तेव्हा करडू जिवंत होतं. कातडीखाली सगळं पांढरं, कोरडं असेल, तर ते आधीच मेलं होतं आणि कायोटी फक्त जेवायला आला होता. कान फाटलेत, मागच्या मांड्या चिंध्या झाल्यात, दोन-तीन करडं जखमी करून तशीच टाकलीत, तर ती बहुतेक कुणाची तरी मोकाट कुत्री असतात. नुकत्या जन्मलेल्या करडाचे डोळे आणि जीभ गेली असेल तर काळ्या गिधाडांवर संशय घ्या. त्या गिधाडांना १९१८च्या स्थलांतरित पक्षी कराराच्या कायद्याचं संरक्षण आहे, परवान्याशिवाय त्यांना हात लावता येत नाही. कुत्री किंवा गिधाडं असतील तर साडेतीनशे डॉलरचं यंत्र तुमच्या कामाचं नाही. साठ-सत्तर डॉलरचा ट्रेल कॅमेरा, म्हणजे समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा, आधी कुंपणाला बांधा. कुंपणाखालच्या ज्या भोकात केस अडकलेले दिसतील, त्याच्यासमोरच.

कायोटीच निघाला असं धरून पुढे जातो.

दुकानदार तुम्हाला आवाज विकतो. तुम्हाला मात्र दुसरीच गोष्ट घ्यायची आहे. तोंडानं फुंकायच्या कॉलनं कायोटी आजही येतो. पाचपासून वीस डॉलरपर्यंतची लाकडी किंवा प्लास्टिकची पिपाणी, तिच्यात एक पातळ पट्टी. फुंकली की जखमी सशाची किंकाळी निघते. मार्बल फॉल्सच्या मरी आणि विन्स्टन या बर्नहॅम बंधूंनी याच कलेवर नाव कमावलं. पुढे वेकोच्या जॉनी स्टुअर्ट यांनी खऱ्या प्राण्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून तबकड्यांवर विकले, म्हणजे हा धंदा टेक्सासच्याच मातीतला. पण पिपाणीत एक खोट आहे. आवाज तुमच्या तोंडातून निघतो, म्हणून कायोटीचे डोळे, कान, नाक तिन्ही तुमच्यावरच येतात. पापणी हलली तरी त्याला कळतं. यंत्र ५० यार्डांवर ठेवलं की त्याचं सगळं लक्ष तिकडे जातं आणि तुम्हाला बंदूक फिरवायला दोन सेकंद मिळतात. ते दोन सेकंद मिळावेत म्हणून हे पैसे खर्चायचे. एवढं पटलं की निम्म्या जाहिराती आपोआप बाद होतात.

मोठ्या आवाजाचं गणित करून दाखवतो. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. यंत्र एका मीटरवर १०० डेसिबल देत असेल, तर १२८ मीटरवर साधारण ५८ उरतात. समोरासमोर बसून बोलतो तेवढा हा आवाज. ५१२ मीटरवर ४६. गवत आणि झुडपं यातून आणखी थोडं खातात, विशेषतः बारीक, उंच पट्टीचे आवाज. तरीही वारा पडलेल्या रात्री रानातली शांतता तिशीच्या आसपास असते आणि कायोटीचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. थोडक्यात, मधल्या किमतीचं कुठलंही यंत्र अर्धा किलोमीटर सहज ऐकू जातं. आता तुमचे २२ एकर चौकोनी धरले तर एक बाजू जेमतेम ३०० मीटर भरते. अजून किती ओरडायचं आहे? उघड्या पठारावर, वारं भन्नाट असताना, हजार एकरांच्या रँचवर मोठ्या भोंग्याचा उपयोग होतो. तुमच्याकडे त्यानं फक्त शेजारी जागे होतील.

शिवाय खोक्यावरचे डेसिबलचे आकडे किती अंतरावर मोजले ते बहुधा लिहिलेलं नसतं. एक कंपनी स्पीकरच्या तोंडाशी मोजणार आणि दुसरी एका मीटरवर, तर त्या दोन आकड्यांची तुलना म्हणजे एकाचं वजन किलोत आणि दुसऱ्याचं पौंडांत.

मोठ्या आवाजापेक्षा लहान आवाज ऐका. दुकानात यंत्र चालू करा, उंदराची चिवचिव लावा आणि आवाज सगळ्यात खालच्या आकड्यावर आणा. कान स्पीकरला लावा. मागे सतत 'सूं' अशी घरघर येते का? आवाज सुरू होताना 'टक्' असं होतं का? रात्री ६० यार्डांवर आलेल्या कायोटीला हे 'टक्' ऐकू जातं आणि तो जागीच थबकतो. मग एकट्या कायोटीची कोल्हेकुई लावा, आवाज तीन चतुर्थांश करा. खालच्या सुरात स्पीकर फाटतो का बघा. फाटत असेल तर यंत्र परत द्या.

इथे स्पीकरची जातही कळते. भोंग्याचा स्पीकर किंकाळी लांब फेकतो, पण कोल्हेकुईतला आणि हरणाच्या पाडसाच्या आक्रंदनातला भरीव, छातीतून येणारा भाग त्याला पेलत नाही. गोल कोनाचा, म्हणजे शंकूसारख्या पडद्याचा, स्पीकर तो भाग छान देतो, पण लांबवर जरा दमतो. मधल्या किमतीत दोन्ही असलेली यंत्रं मिळतात. एकच निवडायचा तर तुमच्या जागेसाठी मी चांगला कोन घेईन. आवाजांच्या फाइली दाबून बारीक केलेल्या नसाव्यात. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं छाटलेलं असतं. आपल्याला चाळिशीनंतर तेवढं ऐकूच येत नाही, पण कुत्र्याच्या कुळातले प्राणी ४० किलोहर्ट्झच्याही पुढे ऐकतात. स्पीकरची झेपही तिथवर नसते हे खरं, तरी जे देता येतं ते आधीच का छाटावं?

आता रिमोट. माझं पहिलं चुकीचं यंत्र याच्यातच गेलं. डिसेंबरातली पहाट, गवतावर दंव. कायोटीच्या पिल्लाच्या आक्रोशाचा आवाज लावला होता आणि कायोटी ८० यार्डांवर येऊन उभा राहिला. मी आवाज बंद करायला बटण दाबलं, काही होईना. रिमोट गुडघ्यांमध्ये, वर बंदूक, मध्ये ओलं गवत. पुन्हा दाबलं, हात उंचावता येईना. तो कायोटी चक्क मागच्या पायांवर बसला, मान एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे कलती केली, यंत्राकडे मिनिटभर पाहिलं आणि शांतपणे निघून गेला. पिल्लू ओरडतच राहिलं. खोक्यावर लिहिलेला ३०० यार्डांचा पल्ला खोटा नव्हता. तो मोकळ्या मैदानात, रिमोट हातात उंच धरून मोजलेला होता.

म्हणून यंत्र घरी आणलं की पावती फेकायच्या आत हा प्रयोग करा. यंत्र गवतात जमिनीवर ठेवा, १०० पावलं जा, जमिनीवर बसा, रिमोट मांडीत ठेवा, यंत्राकडे पाठ करून सगळी बटणं दाबा. दहापैकी दहा वेळा चाललं पाहिजे, नऊ वेळा नव्हे. कमी पडत असेल तर यंत्र दोन-तीन फूट उंच, कुंपणाच्या खांबावर ठेवून बघा, पल्ला वाढतो. बटणं हातमोजे घालून, न बघता दाबता आली पाहिजेत. नुसत्या टचस्क्रीनचा रिमोट मी घेत नाही. पडद्याचा उजेड कमी किंवा लाल करता येतो का तेही बघा, नाहीतर अंधारात तुमचं तोंड कंदिलासारखं उजळतं. आवाज तत्काळ बंद करणारं वेगळं बटण हवंच. कितीदा तरी सगळं ओरडून संपल्यावर शांतता केली की झुडपाआड थांबलेला कायोटी पुढे येतो.

हजार आवाज म्हणजे निव्वळ मोजणी. मी वर्षभरात आठ-दहाच वापरतो. ससा, उंदीर, जखमी सुतारपक्षी, हरणाचं पाडस, कायोटीचं पिल्लू, एकट्याची कोल्हेकुई, मादीची कोल्हेकुई, आणि हद्दीवरून भांडण काढणारं भुंकणं. केव्हा काय लावायचं हे कायोटीच्या वर्षावर ठरतं. जानेवारी-फेब्रुवारीत त्यांचा जोडीचा काळ, तेव्हा मादीची कोल्हेकुई चालते. गर्भ साधारण ६३ दिवसांचा, त्यामुळे साधारण एप्रिलच्या आसपास पिल्लं. मे ते जुलै पाडसाचं आक्रंदन आणि पिल्लाचा आक्रोश. सप्टेंबरनंतर वर्षाच्या आतली तरणी पोरं घर सोडून भटकायला लागतात. ती कशालाही येतात, म्हणून नवख्याला वाटतं आपल्याला जमलं. पिल्लाचा आक्रोश मात्र बारा महिने खपतो, आणि गोळी सुटल्यावर लगेच लावला तर पळणारा दुसरा कायोटी कधीकधी मागे वळतो. काही यंत्रं गोळीचा आवाज ऐकून हा बदल आपोआप करतात. चैनीची सोय आहे, तिच्यासाठी वेगळे पैसे मोजू नका. त्यापेक्षा स्वतःचे आवाज भरता येतात का ते बघा. परिसरातल्या प्रत्येकानं तोच कारखान्यातला ससा वर्षानुवर्षं वाजवला की कायोटी त्या सशाला ओळखायला लागतात.

करडाच्या ओरडण्याचाही आवाज मिळतो. मी एकदा मोठ्या हुशारीनं लावला. कायोटी आला नाही, माझ्याच वीस शेळ्या कुंपणाशी धावत आल्या आणि त्यांनी शेड डोक्यावर घेतली. तुमच्याकडे शेळ्या झोपायच्या जागेपासून लांब जाता येत नसेल तर तो आवाज यादीतून काढून टाका.

बॅटरीबद्दल फार नाही. आत एए सेल लागत असतील तर चार्ज होणारे निकेलचे सेल घाला. साधे अल्कलाइन थंडीत दमतात आणि मोठ्या आवाजाला सूर फाटतो. लिथियमची बॅटरी असेल तर उत्तम, जास्तीची एक खिशात ठेवा. हलणारं शेपूट, म्हणजे यंत्रावर बसवायचा पिसांचा झुलता गोंडा, दिवसा कामाचा, रात्री फारसा नाही. पाऊस आणि धूळ सोसेल असं खोकं हवं, पण पाण्यात बुडवण्याच्या बाता जाहिरातीपुरत्या.

नाव विचाराल तर फॉक्सप्रो, आयकोटेक, लकी डक ही इथे नेहमी ऐकू येणारी. फॉक्सप्रो पेनसिल्व्हेनियातल्या लुइसटाउनची. वरच्या दोन परीक्षांत, म्हणजे लहान आवाजाच्या आणि पाठ करून दाबलेल्या रिमोटच्या, जे उतरेल ते घ्या. दोनशे ते साडेतीनशेच्या टप्प्यात ते नक्की मिळतं. शंभराच्या आतलं घेऊन आधी बघू, असं मीही केलं होतं. दुसरं चुकीचं यंत्र ते. दुधाची तहान ताकावर भागते, पण ताक तरी ताजं हवं.

मांडणी चुकली तर सातशेचं यंत्रही वाया. कायोटी आवाजाकडे सरळ येत नाही, तो वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो आणि आधी वास घेतो. समजा वारा पश्चिमेकडून पूर्वेला वाहतोय. तुम्ही दक्षिणेला बसा, यंत्र तुमच्या उत्तरेला ५० यार्डांवर ठेवा. उत्तरेकडून येणारा कायोटी यंत्राच्या पूर्वेला वळेल. तुमचा वासही पूर्वेलाच जातोय, पण ५० यार्ड दक्षिणेनं. तो त्या वासात शिरायच्या आत तुमच्यासमोर उघड्यावर येतो. नजर ईशान्येला ठेवा आणि बसायची जागा अशी निवडा की ईशान्येला मातीचा चढ किंवा तळ्याचा बांध असेल, म्हणजे गोळी तिथेच अडेल. आवाज अगदी हळू सुरू करा, कारण पहिला कायोटी १०० यार्डांवर झोपलेला असू शकतो. १५-२० मिनिटं पुरे. बॉबकॅटसाठी, म्हणजे इथल्या रानमांजरासाठी, अर्धा तास आणि वर दांडगा धीर. एकाच जागी रोज रात्री वाजवू नका, आणि गोळी मारायची नसेल तर वाजवूच नका. एकदा फसून जिवंत गेलेला कायोटी पुढच्या वेळी त्या आवाजापासून लांब जातो.

आता कायदा. आवाज कुंपणाबाहेर गेला तर चालतं, गोळी गेलेली चालत नाही. टेक्सासात शिकार करताना लेखी परवानगीशिवाय गोळी दुसऱ्याच्या हद्दीत जाणं हा गुन्हा आहे, आणि ३०० मीटरच्या तुकड्यावर हा धोका रोजचा. कायोटी टेक्सासात 'नॉनगेम'मध्ये मोडतो. त्याला बंद हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही, यंत्र चालतं आणि खाजगी जमिनीवर रात्रही चालते. तरी रात्री बाहेर पडण्याआधी गेम वॉर्डनला, म्हणजे शिकारीचे नियम राखणाऱ्या अधिकाऱ्याला, फोन करून ठेवा. २ सप्टेंबर १९७१ला किंवा नंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशन, म्हणजे शिकारीचं प्रशिक्षण, लागतं. शिकारीच्या परवान्याचं वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट. जनावरं मारणाऱ्या कायोटीसाठी जमीनमालकाला परवान्यातून सूट आहे, पण आपल्यापैकी जे एच-वन-बीवर आहेत त्यांनी या सवलतीवर विसंबू नये. अशा व्हिसावर बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायला संघराज्याचा कायदा मुळात मनाई करतो. चालू असलेला शिकारीचा परवाना हा त्या मनाईतला अपवाद आहे. परवाना काढा, खिशात ठेवा आणि बंदूक घेण्याआधी वकिलाला विचारा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. हेच यंत्र बदकांवर वापरायचं मनात आणू नका. स्थलांतरित पाणपक्ष्यांसाठी ध्वनिमुद्रित आवाज देशभर बंद आहे, अपवाद मोजके. राज्य बदललं की सगळे नियम पुन्हा वाचा.

आणि हो, सुट्टीत गावी जाताना हे बॅगेत घालून नेऊ नका. महाराष्ट्रात कोल्हा, लांडगा, बिबट्या सगळ्यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. आमिष दाखवणं आणि नुसता प्रयत्नही त्या कायद्यात शिकारच ठरतो.

एक माझं मत, पटलं तर घ्या. कायोटीची प्रत्येक जोडी आपली हद्द राखते. एखादी जोडी वर्षानुवर्षं उंदीर-सशांवर जगत असेल आणि तुमच्या शेळ्यांना शिवत नसेल, तर तिला मारून तुम्ही रिकामी केलेली जागा नवा कायोटी घेईल. तो कसा निघेल याची खात्री नाही. म्हणून कॅमेऱ्यात जो कुंपणाखालून आत शिरताना दिसतो त्याच्याच वाटेवर यंत्र लावा. विणीच्या दिवसांत करडं रात्री शेडमध्ये, कुंपणाची खालची तार जमिनीलगत, आणि जमलं तर कळप राखणारा एक ग्रेट पिरनीज कुत्रा. माझ्या शेळ्या यंत्रानं जितक्या वाचवल्या त्याहून जास्त माझ्या कुत्रीनं वाचवल्या.

कुत्र्यावरून आठवलं. पिल्लाच्या आक्रोशाला कायोटीच येतो असं नाही. तीन वर्षांपूर्वी थर्मल दुर्बिणीत एक मोठा पांढरा ठिपका धावत येताना दिसला, बोट ट्रिगरवर गेलं. अंगानं फार भरलेला वाटला म्हणून थांबलो. ४० यार्डांवर आल्यावर त्यानं शेपूट हलवलं. शेजाऱ्याचा पिरनीज होता, पिल्लाला वाचवायला आलेला. थर्मलमध्ये रंग दिसत नाही, फक्त ऊब दिसते. तेव्हापासून मी यंत्र लावायच्या आधी तिन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना संध्याकाळीच निरोप देतो, 'आज कुत्री बांधून ठेवा, आणि पहाटे पाचला कुणी किंचाळलं तर तो माझा ससा आहे.' हा दुसरा भाग एका शेजारणीनं ९११ला फोन लावल्यानंतर जोडला.